तलाठी सरांची वाटणी

आमच्या तलाठी सरांनी आयुष्यात कधी कुणाच्या गुंठाभर जमिनीची नोंद केली नाही. ते इंग्रजी शिकवायचे. पिंपरी पेंढारच्या अलीकडे आमचं गाव, गावात दहावीपर्यंत शाळा, आणि त्या शाळेत इंग्रजीला तेच एक. गंमत अशी की त्यांना इंग्रजी बोलताना आम्ही कधी ऐकलं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी इंग्रजीत काही विचारलं, तर सर हात जोडून मराठीत उत्तर द्यायचे, "साहेब, ती परक्या घरची लेक आहे. तिच्याशी मी अदबीनं वागतो, सलगी करत नाही." साहेब शेऱ्याची जागा कोरीच सोडत. ते चहा घेऊन जात.

दिसायला सर उंच आणि सडसडीत. पांढरी ढगळ पँट, खिशाला पेनांची रांग आणि त्यातलं एकही धड न उमटणारं. सायकलच्या कॅरिअरला डिक्शनरी बांधलेली असायची. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, खताच्या रिकाम्या गोणीचं कापड शिवून तिला कव्हर घातलं होतं. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस रोज युरिया घेऊन शाळेत कशाला जातो?

डिक्शनरीचं वेड त्यांना आहुप्याला लागलं. त्यांची पहिली नेमणूक तिकडे होती, आंबेगावच्या पार टोकाला, डोंगरात. "पावसाळ्यात पोरं भाताच्या लावणीला, गाडी बंद, आणि धुकं असं की चुलीवरचं भांडं दिसायचं नाही," सर सांगायचे. "जवळ वाचायला काय, तर ही. मग वाचली. लोक कादंबरी वाचतात तशी वाचली. मोठमोठे शब्द बघावेत तर दोन ओळींत आटपलेले. एकच अर्थ, एकटा जीव. आणि हे बारके बारके, गेट, सेट, रन, यांना पानंच्या पानं! तेव्हा मला कळलं, जो शब्द सगळ्यांच्या घरी राबतो त्याचंच खटलं मोठं होतं."

ही गोष्ट सांगताना सरांचा चेहरा असा व्हायचा की जणू त्यांना आहुप्याच्या रानात गुप्तधन सापडलं होतं. आम्हाला त्यात काय एवढं, ते तेव्हा कळायचं नाही. पण सर खूश आहेत म्हटल्यावर आम्हीही खूश व्हायचो, कारण खूश असले की ते शब्दांची स्पेलिंगं विचारत नसत.

नववीत गेलं की सर वर्गाला एक इंग्रजी शब्द द्यायचे. वर्षभरासाठी एकच. तोही अवघड नाही, बालवाडीतल्या पोराला येईल असा. माझ्या थोरल्या भावाची बॅच "गेट"ची. त्याच्या पुढची "टेक"ची. आमच्या नशिबी "रन" आला. अजूनही आळेफाट्याला स्टँडवर आमच्या शाळेचं कुणी भेटलं, तर कुठल्या सालचा ते सांगत नाही. "मी सेटच्या बॅचचा," म्हणतो, आणि समोरच्याला त्याचं वय कळतं.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर मोठा चौकोन काढला, मध्ये रन लिहिलं आणि म्हणाले, "हे वावर. इंग्रजांच्या बापजाद्यांनी कसून कसून ठेवलंय. आता याची वाटणी करायची."

वाटणी म्हटल्यावर सगळा वर्ग ताठ बसला. शेतकऱ्यांचीच पोरं आम्ही. व्याकरण म्हटलं की झोप यायची, पण वाटणी कळायला आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. सर चौकोनात रेघा मारत गेले आणि एकेका तुकड्यात एकेक अर्थ घालत गेले. माणूस धावतो तो एक. नदी वाहते तो दुसरा. नळ सोडणे, रस्ता गावाबाहेर जाणे, अंगात ताप असणे, धुताना साडीचा रंग जाणे, वेल मांडवावर पसरणे, दुकान चालवणे, निवडणुकीला उभं राहणे, घरातली साखर संपणे, वाटेत कुणीतरी अचानक भेटणे. फळा भरला तरी सरांचं संपेना. एकाच शब्दाच्या पोटात एवढं बिऱ्हाड बघून आम्ही बोटांवर मोजायला लागलो. वर्गातल्या प्रत्येकाला एक अर्थ मिळणार होता. धाकट्यानं आधी निवडायचं आणि थोरल्यानं उरलेलं घ्यायचं, अशी रीत सरांनी ठेवली, म्हणून उंचीनं सगळ्यात लहान जी होती तिनं पहिली उठून नदी घेतली. मी मोटर चालणे घेतलं.

एकदा अर्थ मिळाला की तो कायमचा आपला. पण तो कसायला हवा. दर शनिवारी सकाळच्या शाळेत आपल्या अर्थाचं एक नवं वाक्य करून आणायचं, आणि ते आपल्या घरातलं, नाहीतर शिवारातलं पाहिजे. गाईडमधलं वाक्य आणलं की सर म्हणायचे, "दुसऱ्याच्या वावरातली कणसं मोडून आणलीस होय रे?" यावरून गावानं त्यांचं नाव तलाठी सर ठेवलं, आणि सरांना ते इतकं आवडलं की काकूसुद्धा रागावल्या की त्यांना तलाठीच म्हणायच्या.

समानार्थी शब्दांना सर भावकी म्हणत. "फ्लो, ऑपरेट, मॅनेज, एस्केप, ही सगळी रनची भावकी. लग्नाला एका पंगतीत बसतील. पण एकाच्या घरात दुसरा घुसवला की भांडणं." उदाहरण लगेच तयार असायचं. "दुकान रन करतो म्हणा, मॅनेज करतो म्हणा, दोन्ही खपेल. पण मोटर मॅनेज केली म्हणालात, तर लोकांना वाटेल वायरमनच्या खिशात काहीतरी कोंबून आलात."

आणि दुसरं त्यांचं लाडकं म्हणजे इंग्रजाची घाई. "त्याची मोटर पळते, दुकान पळतं, रस्तासुद्धा पळतो. आपल्याकडं मोटर चालते, दुकान चालतं, शाळा चालते, संसार चालतो. कुणी विचारलं काय कसं काय, तर आपण म्हणतो, चाललंय. निवडणुकीलाही तो पळतो. आपला माणूस उभा राहतो." इथे थांबून ते खिडकीतून ग्रामपंचायतीकडे बघायचे. "आणि निवडून आला की बसतो."

मी आता मंचरला मेडिकलचं दुकान चालवते. संध्याकाळी गर्दी झाली, एकाच वेळी चार हात चिठ्ठ्या पुढे करायला लागले, की मला हे आठवतं आणि मी मनात म्हणते, चालवायचं आहे, पळवायचं नाही. त्यानं खरंच बरं वाटतं.

शनिवार हा आमच्या शाळेतला सगळ्यात मजेचा दिवस होता. ज्याच्याकडे संपण्याचा अर्थ होता, तो मुलगा दर शनिवारी उठून सांगायचा. आमच्या घरी चहापत्ती संपली. आमच्या घरी गॅस संपला. आमच्या घरी जनावरांचा चारा संपला. शेवटी सर कळवळून म्हणाले, "बाबा, तुझा तुकडा फार पिकतोय. आता 'संपत आलं' असं तरी कर. घरात काहीतरी शिल्लक राहू दे." एकदा शाळेमागच्या उसात बिबट्या दिसला आणि वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली की बिबट्या समोर आला तर पळायचं नाही, जागेवर उभं राहून आरडाओरडा करायचा. ती गेल्यावर सर गंभीरपणे म्हणाले, "ऐकलंत ना? आपला शब्द सगळीकडं चालतो. उसात चालत नाही."

शाळा सुटली तरी सरांच्या तावडीतून सुटका नसे. नारायणगावच्या बाजारात त्यांनी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी गाठली. ती सासूबरोबर होती, कडेवर पोर होतं. सरांनी लांबूनच हाक मारली, "काय गं, अर्थ काय म्हणतोय?" सासू म्हणाली, "गुरुजी, नातवाचं नाव वेदांत हाय आमच्या." सर त्या बाईंशी इतक्या प्रेमानं बोलले की शेवटी सासूलाही "टेक"मधला एक अर्थ घेऊन घरी जावं लागलं.

आता माझ्या चुलत भावाबद्दल सांगते. तो माझ्याच वर्गात. वर्गात सगळ्यात उंच तोच, त्यामुळे त्याची निवड शेवटी. आणि फळ्यावर उरलं होतं नाक गळणे. त्या दिवसापासून त्याला सगळे शेंबड्या म्हणायला लागले. तो हाडापेरानं मजबूत, कबड्डीत तिघांना ओढत नेणारा, पण दर शनिवारी त्याला उभं राहून कुणाचं तरी नाक गळल्याचं सांगावं लागायचं. थंडी सरेपर्यंत त्यानं ते सोसलं. मग एक दिवस त्यानं मला आमच्या गोठ्यामागे गाठलं.

"तुझी मोटर मला दे," तो म्हणाला. "मी तुला माझं जेल पेन दितो."

"का?"

"का म्हंजे? मी भाऊ हाय. पोरींनी सोडायचं आसतं."

मला यात काहीही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे रीतच ती आहे. बाप गेला की वारस म्हणून पोरांची नावं सातबाऱ्यावर चढतात. पोरींचीही चढतात. मग पोरी तालुक्याला जाऊन हक्कसोड लिहून देतात. आपला हिस्सा भावाला सोडला म्हणून सही करायची, भाऊ नवी साडी घेतो, आणि दिवाळीला, यात्रेला माहेरचं दार उघडं राहतं. कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही. करायची वेळच येत नाही. माझी आत्या हक्कसोडाच्या साडीचा पदर अजून लोकांना उलगडून दाखवते. मी पेन घेतलं. छान निळं उमटत होतं.

शनिवारी उभी राहून मी सांगितलं, "सर, मी माझा वाटा सोडला. ह्याला."

"का गं?"

"ह्यो भाऊ हाय."

वर्गात कुणी हसलं नाही. उलट पोरी हात वर करून सांगायला लागल्या, आमच्या आत्यानं पण सोडलं, माझ्या आईनं पण सोडलं. सांगताना त्यांना अभिमान वाटत होता. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "या वर्गात हक्कसोड नाही. ज्याचा अर्थ त्याचा. दे त्याचं पेन परत."

तेव्हा मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "सर, मंग तुमची आक्का जुन्नरला कशाला चाललीय?"

ती चोंबडेपणा करत नव्हती. सगळ्या गावाला माहीत होतं. सरांचे वडील दिवाळीनंतर गेले. सातबाऱ्यावर सरांचं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव लागलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात आक्का सही करायला तालुक्याला, जुन्नरला येणार होत्या. काकूंनी साडीसुद्धा आणून ठेवली होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "बस खाली," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी उरलेला तास मुकाट्यानं फळा पुसण्यात घालवला.

आक्कांबद्दल सांगायलाच हवं, कारण सर जगात फक्त दोघांना भ्यायचे, एक बोललेल्या इंग्रजीला आणि दुसऱ्या आक्कांना. आई लहानपणी गेली, तेव्हा आक्कांनीच सरांना वाढवलं. त्यांना दिलं होतं घोडेगावच्या पलीकडे, आहुप्याच्या वाटेवरच्या एका गावात. काळ्यासावळ्या, ठसठशीत, शेतात पुरुषाच्या बरोबरीनं राबलेल्या. त्या माहेरी आल्या की फाट्यावर गाडी थांबल्यापासून आळीला कळायचं. भावाला त्या मास्तर म्हणत. मास्तर, गाल बसल्यात तुझं. मास्तर, ह्ये दप्तर घिऊन म्हातारा व्हशील. सर ऐकत बसायचे आणि हसायचे. एरवी सगळ्यांना ऐकवणारा हा माणूस असा गप्प बसलेला बघायला आम्ही पोरं मुद्दाम त्यांच्या ओट्यावर जायचो.

जुन्नरला साक्षीदार म्हणून माझे वडील गेले होते. आमचं वावर सरांच्या वावराला लागून, घरोबा जुना. त्यामुळे तिथं जे झालं ते शब्दाला शब्द आमच्या घरी आलं. कागद तयार होता. आक्का नवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, हातात पेन धरून बसल्या होत्या. सर म्हणाले, "आक्का, सही करू नको."

"का? पेन उमटंना का तुझं?"

"वाटा तुझा तुलाच राहू दे."

आक्कांना आधी वाटलं थट्टा आहे. मग कळलं, थट्टा नाही. त्या उठल्या आणि भावाला दंडाला धरून बाहेर झाडाखाली घेऊन गेल्या. तिथं चार माणसं उभी होती, पण आक्कांना हळू बोलता येतच नाही.

"मी मागितला व्हता का तुला? लोकं काय म्हंतील? बाप गेला आन् पोरगी हिस्सा काढून बसली. माझं माहेर तोडतो व्हय रं?"

"तोडत न्हाई, आक्का. देतोय."

"द्यायचं आसंल तर दिवाळीला बोलव, चोळीबांगडी कर. जमीन घिऊन कुठली बहीण माहेराला आलीय सांग मला? हिस्सा घेतला की ती भावकी व्हती. मला भावकी व्हायचं न्हाई. मला पावणी ऱ्हायचंय."

सरांनी ऐकून घेतलं, पण कागद माझ्या वडिलांच्या हातातून घेऊन घडी घालून खिशात ठेवला. आक्का तिथूनच घोडेगावच्या गाडीत बसल्या. माहेरी आल्याच नाहीत.

गाव सरांना हसलं. बहिणीला हिस्सा द्यायला गेला आणि बहीण घालवून आला, असं लोक पारावर म्हणायचे. चैत्रात यात्रा झाली, आक्का आल्या नाहीत. दिवाळी आली, तरी नाहीत. भाऊबीजेला सर स्वतः त्यांच्या गावी गेले. आक्कांनी पाट मांडला, ओवाळलं, जेवायला वाढलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. सर परत आले ते ओट्यावर बसून राहिले. काकू माझ्या आईला म्हणाल्या, "माझ्याशी भांडला असता माणूस तर बरं झालं असतं. हा नुसता बसलाय." माझ्या आईचे डोळे भरून आले. मला सरांचा राग आला आणि कीवही आली. एवढा बोलका माणूस, आणि त्याच्या घरात आता कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

पण सरांनी हेका सोडला नाही. स्वतःच्या अर्ध्या वावराला त्यांनी निम्म्या पिकावर कसणारा वाटेकरी लावला. विहिरीजवळचं अर्धं आक्कांचं, ते मात्र दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार होईनात. "आक्काचं मी करणार," म्हणाले. जन्मात कधी फावडं न धरलेला माणूस. पहिल्या हंगामात भुईमुगाच्या शेंगा लावल्या. जेमतेम पोतंभर निघाल्या. सर ते पोतं घेऊन एसटीनं नारायणगाव, तिथून गाडी बदलून घोडेगाव, आणि पुढे आहुप्याच्या गाडीनं आक्कांच्या दारात. आक्कांनी चहा दिला आणि पोतं परतीच्या गाडीत चढवून दिलं. मग बाजरी झाली. तीही तशीच गेली आणि तशीच आली. कंडक्टर विचारायला लागला, "सर, पोत्याचा पास काढायचा का?"

तिसऱ्यांदा सरांनी कांदा लावला. रोपं चांगली होती, जमीन तर आमच्या शिवारातली सगळ्यात चांगली. घोटाळा केला तो सरांच्या पाणी देण्यानं. कांद्याला पाणी देताना वाफ्याच्या तोंडाशी उभं राहायचं, वाफा भरला की त्याचं दार मातीनं बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. सर घड्याळ लावून उभे राहायचे. प्रत्येक वाफ्याला सारखा वेळ, शाळेतल्या तासासारखा. खालच्या अंगाचा वाफा तुडुंब होऊन वाहतोय आणि वरचा अजून अर्धा कोरडा, तरी वेळ झाली की सर दार बदलायचे.

"सर, वाफ्याकडं बघा, घड्याळाकडं काय बघताय?" वडील बांधावरून ओरडायचे.

"एकाला जास्त, एकाला कमी, असं नको," सर म्हणायचे. "आक्काचं रान आहे."

पात माना टाकायला लागली की कांद्याचं पाणी तोडतात, म्हणजे कांदा सुकतो आणि टिकतो. ते सरांना ठाऊक नव्हतं, आणि वडिलांनी सांगेपर्यंत त्यांनी दोन वेळा आणखी पाणी भरलं होतं. कांदा निघाला तो काही बोराएवढा, काही जोड, काही जाड मानेचा, आणि सगळा ओला. सर मात्र हरखून गेले होते. त्यांनी त्यातलं बरं बरं निवडून पोतं भरलं आणि घेऊन गेले. आक्कांनी चहा दिला. पण त्या दिवशी परतीची गाडी आलीच नाही. सर कुणाच्या तरी टेम्पोनं निघून आले आणि पोतं आक्कांच्या ओट्यावर राहिलं.

आठवड्यानं, दहावीची परीक्षा होऊन मी घरी बसले होते तेव्हा, दुपारी फाट्याकडून आवाज आला. तो आवाज वर्षभरात आळीनं ऐकला नव्हता. आक्का येत होत्या. मागे एका रिक्षावाल्याच्या खांद्यावर पोतं होतं आणि पोत्यातून पाणी गळत होतं. त्या घराकडे वळल्या नाहीत, सरळ वावरात गेल्या. आम्ही सगळे मागोमाग. सर विहिरीपाशी पाइप गुंडाळत होते. आक्कांनी पोतं त्यांच्या पुढ्यात उपडं करायला लावलं. अर्धा कांदा सडलेला होता. वास असा की रिक्षावाला लांब जाऊन उभा राहिला.

"ह्यो कांदा कुणाचा?" आक्का म्हणाल्या.

सर चाचरत म्हणाले, "तुझा."

"माझ्या नावावर आसला कांदा?" आक्कांचा आवाज चढला. "ओट्यावर वास सुटला तशी शेजारीण आली. म्हनली, आक्का, कुठला गं ह्यो कांदा? मी म्हनलं, माझ्या वावरातला. तोंडातून गेलं माझ्या! मंग ती हसली. म्हनली, तुझ्या वावरात आसलं पिकतं व्हय? सबंध गावात केलं तिनं. आरं, मी जिंदगीत कुणाला बोट ठिवायला जागा दिली न्हाई, आन् तू माझं नाव आसं घालवतो?"

मला वाटलं सर आता रडतील. पण ते आक्कांच्या तोंडाकडे असे बघत होते, जसं शनिवारी एखाद्या पोरानं घरचं वाक्य आणलं की बघायचे.

आक्कांनी पदर खोचला. वाकून माती हातात घेतली, चुरली. "रान सोन्यासारखं हाय," त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग काकूंना हाक मारली, "आगं ए, मी ऱ्हाणार हाय चार दिस. ह्याच्या हातचं फावडं घिऊन टाक आधी."

त्या राहिल्या. त्यांनी सगळं रान मोकळं करून उन्हात तापत टाकलं, आणि जूनमध्ये स्वतःच्या गावाहून बियाणं घेऊन पुन्हा आल्या. मग पेरणीला आल्या, खुरपणीला आल्या, काढणीला आल्या. पूर्वी वर्षातून दोनदा यायच्या त्या आता महिन्याला यायला लागल्या. गावातल्या बायका त्यांना आडून आडून विचारायच्या, माहेर कसं काय हो आक्का? आक्का म्हणायच्या, "माहेराला बसायला टाइम कुणाला हाय? मला माझं रान हाय." सर पुन्हा बोलायला लागले. वर्गात म्हणे "कीप" वाटायला घेतला होता, तेव्हाच्या नववीला.

पण मला आठवतो तो त्याच वर्षीचा एक दिवस. मी ओतूरच्या कॉलेजातून नुकती घरी आले होते. वडील अंगणात बसले होते. सर धापा टाकत आमच्या दारात आले. डोक्यावर टोपी नाही, पायात चप्पल नाही. आम्हाला वाटलं, बिबट्याच आला.

"चला, चला लवकर," ते वडिलांना म्हणाले. "आक्का भांडायला लागलीय. माझ्याशी! माझ्या वाटेकऱ्यानं नांगर जरा तिच्या रानाकडं घातला, तर म्हणतीय माझा बांध कोरला. सगळ्या शिवारात ओरडतीय. म्हणतीय, मास्तर, तुझ्या हद्दीत ऱ्हा!"

वडील घाईनं उठले, पायात वहाणा सरकवल्या. "चला," ते म्हणाले, "मिटवून टाकू."

सरांनी त्यांचा दंड घट्ट धरला. त्यांचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता.

"मिटवायला नका हो येऊ," ते म्हणाले. "ऐकायला चला."